डॅक कोणता घ्यावा? : एका प्रश्नाचा पूर्वेतिहास

घरच्या घरी उत्तम ध्वनीत संगीत ऐकू इच्छिणाऱ्या रसिकापुढे आज दोन यंत्रांच्या निवडीचा प्रश्न असतो. पहिले यंत्र स्ट्रीमर. महाजालावरील एखाद्या सेवेकडून किंवा घरातल्याच संगणकावरील संग्रहातून संगीताचे आकडे वाहून आणणे हे त्याचे काम. दुसरे डॅक, अर्थात आलेल्या आकड्यांचे पुन्हा अखंड विद्युत्-लहरीत रूपांतर करणारा रूपांतरक. त्यापुढचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर हा मार्ग जुनाच आहे. ही दोन्ही कामे करणारे यंत्र काही हजार रुपयांत मिळते आणि काही लाखांतही मिळते. दोहोंतील फरक सांगताना परीक्षक जी भाषा वापरतात ती साहित्याच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटावी अशी असते : गायकावरचा पडदा दूर झाला, स्वरांना देह लाभला, शांततेलाही खोली आली. ही समीक्षेची भाषा आहे. आणि कोणत्याही समीक्षेला विचारावा तो प्रश्न तिलाही विचारता येतो. हे गुण नेमके कशाचे? यंत्राचे, मुद्रणाचे, की ऐकणाऱ्याच्या अपेक्षेचे?

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाचा इतिहास मांडणार आहोत. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : रूपांतरक हा एके काळी ध्वनीच्या साखळीतला खरोखरच दुबळा दुवा होता, आता तो तसा उरलेला नाही. दुबळेपणा दुसरीकडे सरकला आहे, आणि तो जेथे सरकला आहे ते क्षेत्र यंत्रज्ञाइतकेच पाठचिकित्सकाच्याही ओळखीचे आहे.

'हुबेहूब' या शब्दाचे आकर्षण ध्वनिमुद्रणाच्या धंद्याला फार जुने आहे. थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ ते १९२५ या दशकात अमेरिकेत गावोगावी 'स्वरपरीक्षां'चे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारी एडिसनचा डायमंड डिस्क फोनोग्राफ. गाता गाता गायिका थांबे, तबकडी गातच राही; कधी मध्येच दिवे मालवले जात आणि प्रेक्षकांनी ओळखायचे की आवाज कोणाचा. आवाज ओळखता येत नाही, असे प्रेक्षक सांगत. वृत्तपत्रेही तसे लिहीत. विद्युत् ध्वनिग्रहण येण्यापूर्वीच्या, केवळ कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणाबद्दल हे घडत होते, हे लक्षात घेतले म्हणजे आज आश्चर्य वाटते. या प्रयोगांत गाणाऱ्या ॲना केस यांनी उत्तरायुष्यात त्यातले इंगित सांगितले : यंत्राच्या आवाजाशी जुळेल अशा बेताने त्या स्वतःचा आवाज आवरून गात असत. यंत्र माणसासारखे गात होते असे श्रोत्यांना वाटले. प्रत्यक्षात माणूस यंत्रासारखा गात होता. ध्वनीच्या अस्सलपणाविषयीच्या प्रत्येक दाव्यापुढे ही कथा ठेवून पाहावी अशी आहे.

डिजिटल ध्वनीचा जन्म मात्र संगीताच्या सेवेसाठी झालेला नाही. तो दूरध्वनीच्या गरजेतून झाला. दूरच्या अंतरावर बोलणे पाठवताना वाटेत गोंगाट मिसळत जातो. आवाजाऐवजी त्याच्या मोजमापाचे आकडे पाठवले तर हा गोंगाट टाळता येईल, ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली पॅरिसमध्ये काम करताना मांडली. तिचा सैद्धांतिक पाया हॅरी नायक्विस्टच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅननच्या १९४९ च्या लेखनात आहे. लहरीतील सर्वांत वरच्या कंपनसंख्येला मर्यादा असेल, तर त्या संख्येच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेल्या नमुन्यांतून मूळ लहर पुन्हा संपूर्णपणे उभी करता येते, असा त्याचा आशय. 'संपूर्णपणे' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दोन नमुन्यांमध्ये संगीत हरवते, आणि डिजिटल ध्वनी म्हणजे जिन्याच्या पायऱ्या, हा समज आजही आढळतो. वस्तुतः रूपांतरकाच्या अखेरच्या टप्प्यावरील गाळणी त्या पायऱ्या नाहीशा करते आणि बाहेर सलग लहरच येते. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला यावर तळाच्या खरखरीचे प्रमाण ठरते. सोळा बिटांत ६५,५३६ पायऱ्या बसतात आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान ध्वनीत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते.

हा सिद्धांत घराघरांत पोहोचला तो १ ऑक्टोबर १९८२ रोजी. त्या दिवशी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी वादक विक्रीस आला. सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. या आकड्यामागे सौंदर्यदृष्टी शोधू जाल तर निराशा पदरी येईल. त्या काळी डिजिटल ध्वनी साठवण्यासाठी व्हिडिओ टेपच हाताशी होती. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने, वापरता येण्याजोग्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० क्षेत्रे, यांचा गुणाकार ४४,१०० येतो. युरोपातील दूरचित्रवाणीच्या २९४ ओळी आणि ५० क्षेत्रे घेतली तरी तोच आकडा मिळतो. माणसाचा कान सुमारे २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणून त्याच्या दुपटीहून थोडा अधिक वेग पुरेसा होता. नेमका आकडा दूरचित्रवाणीने दिला. छंदाचे नियम पुष्कळदा जुन्या लेखनसामग्रीने ठरवलेले असतात, तसाच हा प्रकार.

सुरुवातीचे रूपांतरक मात्र सिद्धांताला पुरे पडत नव्हते. सोनीच्या त्या पहिल्या वादकात डाव्या आणि उजव्या वाहिन्यांसाठी मिळून एकच रूपांतरक होता आणि तो दोघींची कामे आळीपाळीने उरकीत असे. फिलिप्सजवळ चौदा बिटांचेच रूपांतरक होते; म्हणून नमुन्यांचा वेग चौपट करून, गोंगाट कानाच्या कक्षेबाहेर ढकलून सोळा बिटांची गुणवत्ता मिळवण्याची युक्ती त्यांनी योजली. ही युक्ती पुढे साऱ्या धंद्याने उचलली. पहिल्या सीडी कर्कश वाटतात अशी तक्रार त्या काळी सर्रास होई. तिला यंत्राच्या बाजूने काही आधार होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र तबकडी कापण्यासाठी ज्यांचा नाद मुद्दाम जुळवून घेतला होता अशाच टेपा अनेकदा सीडीसाठीही वापरल्या गेल्या, हे दुसरे कारण चर्चेत मागे पडले. दोष आकड्यांचा की मातृकेचा, हा प्रश्न तेव्हापासूनच अनिर्णीत राहिला.

ऐंशीच्या दशकात रूपांतरक वादकापासून वेगळा होऊन स्वतंत्र पेटीत आला. फिरणाऱ्या चकतीपासून आणि तिच्या मोटारीपासून नाजूक विद्युत्-मंडल दूर ठेवावे हा त्यामागचा हेतू होता. परंतु पेट्या वेगळ्या झाल्या तशी नवी अडचण आली. नमुने ठरल्या क्षणी वाचले गेले पाहिजेत. दोन पेट्यांच्या दरम्यान घड्याळाचे ठोके किंचित मागेपुढे झाले तर लहर बिघडते. यालाच 'जिटर' म्हणतात. घड्याळाची सूत्रे रूपांतरकाकडे सोपवून आणि आलेले आकडे क्षणभर साठवून मग वाचण्याची व्यवस्था करून ही अडचण पुढे बऱ्याच अंशी सुटली. २००१ साली स्लिम डिव्हाइसेस या कॅलिफोर्नियातील छोट्या कंपनीने जाळ्यावरून संगीत वाजवणारे यंत्र आणले. २००३ पासून त्याचेच वंशज 'स्क्वीझबॉक्स' या नावाने गाजले. २००७ मध्ये ग्लासगोच्या लिन या प्रतिष्ठित कंपनीने 'क्लायमॅक्स डीएस' हा उंची स्ट्रीमर काढला आणि २००९ अखेर सीडी वादकांचे उत्पादनच थांबवले. चकती गेली, आकडे उरले.

आता प्रश्न असा की, या चार दशकांच्या अखेरीस रूपांतरक कोठे येऊन पोहोचला? २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी अमेरिकेत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ध्वनि-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उच्च दर्जाच्या मुद्रणातून येणारा ध्वनी एकदा सरळ, आणि एकदा सीडीच्या सोळा बिटांत रूपांतरित करून परत उलगडून, असा दोन वाटांनी ऐकवण्यात आला. कोणती वाट कोणती हे श्रोत्यांना सांगितलेले नव्हते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवून याहून निराळे उत्तर आले नसते. चाचणीत वापरलेली काही मुद्रणे मुळातच उच्च दर्जाची नव्हती, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त होता. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ अभ्यासांतील साडेबारा हजारांहून अधिक प्रयत्नांचा एकत्र विचार केला. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आले. कानाला आधी सराव दिला असेल तेथे ते वाढले. म्हणजे फरक ओळखता येतच नाही असे नव्हे. पण तो इतका सूक्ष्म आहे की त्याला 'पडदा दूर झाला' म्हणणे ही अतिशयोक्तीच होय. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे एकेएम या कंपनीचा कारखाना जळाला आणि उत्तमोत्तम डॅकमध्ये वापरल्या जाणाऱ्या चिपांचा पुरवठा तुटला. अनेक उत्पादकांनी आपली यंत्रे दुसऱ्या कंपनीच्या चिपेवर नव्याने बेतली आणि ती मोजमापाला उतरली. एक घराणे अडचणीत आले तर दुसऱ्याने मैफल सांभाळावी, इतकी ही विद्या आता सर्वत्र रुजली आहे.

लिनच्या संस्थापकाने सत्तरच्या दशकात एक सूत्र हिरिरीने मांडले होते : स्रोत आधी. तबकडीच्या खाचेतून जे उचललेच गेले नाही ते पुढचा कितीही महाग स्पीकर परत आणू शकत नाही. म्हणून पैसा प्रथम तबकडीवादकावर घालावा. युक्तिवाद अचूक होता. तो आज पुढे नेला तर मात्र धंद्याला गैरसोयीचा ठरतो. कारण आज स्रोत म्हणजे पेटी नव्हे. स्रोत म्हणजे ज्या मातृकेवरून ते आकडे तयार झाले ती मातृका.

याचे एक बोलके उदाहरण २००८ चे आहे. मेटॅलिका या अमेरिकी वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम त्या वर्षी निघाला. स्पर्धेत गाणे अधिक मोठ्याने वाजावे म्हणून त्यातील लहानमोठ्या आवाजांतले अंतर इतके दाबले होते की नाद जागोजागी फाटला. तीच गाणी एका व्हिडिओ खेळासाठी देण्यात आली ती मात्र या दडपणीपूर्वीच्या रूपात. आणि मुलांच्या खेळातली आवृत्ती विकत घेतलेल्या सीडीहून सरस निघाली. हजारो श्रोत्यांनी अल्बम नव्याने घडवावा अशी लेखी मागणी केली. लाखमोलाचा डॅक या सीडीपुढे काय करणार होता? दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ टेपवरून कापलेल्या महागड्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध होती, आणि डिजिटल ध्वनीला नाके मुरडणारे रसिक त्या नादाची उदाहरणे देत. त्यांतील अनेक तबकड्यांच्या निर्मितीत कित्येक वर्षे डिजिटल टप्पा वापरला जात होता, हे जुलै २०२२ मध्ये उघड झाले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. रसिकांचे कान खोटे ठरले असे आम्ही म्हणणार नाही. त्या तबकड्या चांगल्याच होत्या, कारण त्यांच्यामागची टेप चांगली होती आणि काम काळजीने केलेले होते. खोटी ठरली ती चांगलेपणाची त्यांनी सांगितलेली मीमांसा.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला आपल्या घरचा दाखला आठवावा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले. १९२५ मध्ये वि. स. सुखठणकरांनी ते हाती घेतले, १९३३ मध्ये आदिपर्वाचा खंड सिद्ध झाला आणि १९६६ मध्ये मूळ संहितेचे काम पूर्णत्वास गेले. प्रती मिळवायच्या, त्यांची वंशावळ लावायची, प्रक्षेप ओळखायचे आणि घेतलेल्या प्रत्येक निर्णयाची नोंद तळटीपेत ठेवायची, ही त्या कामाची शिस्त. छपाई किती सुबक यावरून त्या आवृत्तीची थोरवी कोणी ठरवत नाही. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत मात्र आपण बहुधा छपाईचीच चर्चा करतो. एकाच गायनाच्या मूळ तबकडीवरून, दुसऱ्या पिढीच्या टेपवरून आणि नव्या 'रिमास्टर'वरून केलेल्या प्रती स्ट्रीमिंग सेवेच्या सूचीत शेजारी शेजारी नांदतात, किंवा जुनीची जागा नवी निमूट घेते. पाठभेदाची नोंद कोठेही नसते.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यासाठी हे नुकसान केवळ तात्त्विक नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हापासून कित्येक वर्षे तबकड्यांची गती एकसारखी नव्हती. '७८' हा आकडा नंतर स्थिरावला. आरंभीच्या तबकड्या मिनिटाला सत्तरच्या आसपास फेऱ्यांपासून ऐंशीच्या पुढे अशा वेगवेगळ्या गतींनी मुद्रित झाल्या. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवून तिचे डिजिटल रूप केले, तर स्वर जवळजवळ अर्ध्या पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्या आसपास जाऊन बसतो; लय वाढते, तान अधिक वेगवान भासते, आवाजाची जात बदलते. मग अमुक गायकाचा आवाज बारीक होता, त्याची लय चढी होती, असे अभिप्राय वाचायला मिळतात आणि ते पुढच्या पुस्तकांत उतरतात. खरखर काढण्याच्या नादात आवाजाची धार आणि सारंगीचे वरचे स्वरांश पुसले गेले तर तीही त्या कलाकाराची मर्यादा ठरते. सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची उंची फाइल ही चूक अधिक निष्ठेने जपून ठेवील, एवढेच. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांतून संग्राहकांनी तबकड्यांचे क्रमांक, साल, गायक आणि लेबले यांच्या याद्या चिकाटीने तयार केल्या. आपल्या संगीताच्या पाठचिकित्सेची सामग्री तेथे आहे. सेवांच्या सूचीत तबल्याच्या आणि सारंगीच्या साथीदारांची नावेदेखील बहुधा सापडत नाहीत.

पाठ कोणाच्या कुलपात आहे, हाही प्रश्न याच इतिहासाने पुढे आणला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये मेरिडियन या ब्रिटिश कंपनीने एमक्यूए ही पद्धत जाहीर केली. मूळ स्टुडिओतील ध्वनी अधिकृत मोहोर उमटवून घरी पोहोचवू, असे तिचे आश्वासन होते. तो पूर्णपणे उलगडण्यासाठी परवानाधारक डॅक लागे, आणि अनेकांनी केवळ त्या दिव्यासाठी नवी यंत्रे घेतली. या पद्धतीत मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळत नाहीत, हे स्वतंत्र चाचण्यांतून पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये एमक्यूए ही कंपनी आर्थिक संकटात सापडून प्रशासकाच्या ताब्यात गेली, त्याच वर्षी तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि २०२४ मध्ये टायडल या सेवेने एमक्यूएचा त्याग केला. याउलट २००१ मध्ये सिद्ध झालेली 'फ्लॅक' ही मुक्त पद्धत मूळ आकडे तंतोतंत परत देते, कोणाचीही परवानगी मागत नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिला महाजालाच्या मानकांत स्थान मिळाले. स्क्वीझबॉक्सची कथाही अशीच बोधप्रद आहे. लॉजिटेकने २००६ मध्ये ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये उत्पादन थांबवले आणि २०२४ मध्ये तिची महाजालावरील सेवा बंद केली. तरीही जुनी यंत्रे गात राहिली, कारण घरच्या संगणकावर चालणारी तिची आज्ञावली पहिल्यापासून मुक्त होती आणि हौशी मंडळींनी ती सांभाळली.

या साऱ्याचा खरेदीशी संबंध काय, असे कोणी विचारील. तो सरळ आहे. डॅकबाबत मोजमापे प्रामाणिकपणे जाहीर केलेले, आपल्या ॲम्प्लिफायरशी जुळणारे, मध्यम किमतीचे यंत्र आज पुरेसे आहे. त्याहून अधिक खर्च करणाऱ्याने तो घडणीसाठी, रूपासाठी आणि मालकीच्या सुखासाठी करीत आहोत हे ओळखून खुशाल करावा. सुबक बांधणीच्या ग्रंथावर प्रेम करणाऱ्यांनी या सुखाला हसू नये. स्ट्रीमरची परीक्षा मात्र कसून घ्यावी. आलापाकडून जोडाकडे जाताना दोन भागांत तो खंड पाडतो का? घरच्या संग्रहातील फ्लॅक फाइल तो कंपनीच्या संगणकाला न विचारता वाजवतो का? आपण लिहिलेली गायक, साथीदार, साल, मूळ तबकडी यांची नोंद तो दाखवतो का? निर्माती कंपनी उद्या नाहीशी झाली तर त्याचे काय होईल? पूर्वी दोन पेट्या वेगळ्या ठेवण्याचे कारण नाद होता. आज त्याचे कारण आयुर्मान आहे. आज्ञावली पाचदहा वर्षांत जुनी होते, चांगला रूपांतरक त्याहून पुष्कळ जगतो. उरलेला पैसा स्पीकरवर आणि त्याहून अधिक चांगल्या मातृकांच्या संग्रहावर घालावा. भाड्याने घेतलेल्या सेवेतून अफाट संगीत मिळते, पण कोणता पाठ ठेवायचा आणि कोणता काढायचा याचा अधिकार तेथे आपल्याकडे नसतो.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात पाठाची आणि यंत्राची एकत्र काळजी घेतल्याचे एक उदाहरण आहे, आणि योगायोगाने त्यात गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांचा आवाज आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर एकेक सुवर्णलेपित तबकडी आहे. तीत केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. ही तबकडी ज्याला कधी सापडेल त्याच्याजवळ कोणते यंत्र असेल हे पाठवणाऱ्यांना ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी सोबत सुई दिली आणि आवरणावर आकृत्यांनी कोरून ठेवले की सुई कोठे टेकवायची आणि एक फेरी किती वेळात पूर्ण व्हायची. ती ३.६ सेकंदांत व्हायची. आणि सेकंद हे माप परक्याला कळणार नाही म्हणून तो काळ हायड्रोजनच्या अणूच्या मापात सांगितलेला आहे. गती चुकू नये, पट्टी बदलू नये, बाई जशा गायल्या तशाच ऐकू याव्यात, एवढी दक्षता अपरिचित श्रोत्यासाठी घेतली गेली. पृथ्वीवरच्या परिचित श्रोत्याला स्वतःच्या घरात निदान तेवढी मागण्याचा अधिकार आहे, असे आम्हांस वाटते.